पाथरीच्या शाली आणि देशाच्या दोन तुटी

परभणीला उतरायचं असेल तर गंगाखेड सोडल्यावर जागं राहावं, ही मी वाचकांना देऊ शकेन अशी पहिली आणि बहुधा एकमेव उपयोगाची सूचना. मी जागी राहिले नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी सिग्नलला उभी होती आणि खिडकीसमोरच्या पिवळ्या पाटीवर ‘पिंगळी’ लिहिलेलं होतं. परभणी मागं गेली होती. पूर्णेपर्यंत जाऊन परत येण्यापेक्षा इथंच उतरलेलं बरं म्हणून मी आधी बॅग खाली सोडली, मग स्वतःला सोडलं, आणि गाडी निघून गेल्यावर लक्षात आलं की पाण्याची बाटली आणि मिरजेत घेतलेलं भडंगाचं पाकीट आतच राहिलं.

स्टेशनाबाहेर परभणीकडे निघालेली जीप मिळाली. शेजारच्या गृहस्थांनी मी कुठली, कुठं चालले, कशासाठी, घरी कोण कोण, हे सगळं जीप हलायच्या आत विचारून घेतलं. आमच्या सांगलीत आधी ओळख होते आणि मग चौकशी. इथं उलटं आहे. पाथरीच्या कॉलेजात भाषण आहे म्हटल्यावर त्यांनी विषय विचारला. मी सांगितलं, सरकारच्या अंदाजपत्रकातली तूट आणि देशाच्या व्यापारातली तूट, या दोन्हींचं नातं.

“म्हंजे सरकारचा खर्च जादा, कमाई कमी. आन् देशाची खरेदी जादा, विक्री कमी. असंच ना?”

“असंच.”

“मंग नातं काय काढायलाव त्यात? दोन्हीकडं बोंबच हाय की.”

एरवी मला हसू आलं असतं. पण रात्रभराचा प्रवास, पोटात काही नाही, आणि आयुष्यभर जो विषय शिकवला तो शेजारच्या गृहस्थांनी एका वाक्यात निकालात काढलेला. मी परभणी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. दिवाळी होऊन गेलेली, रानात कापूस फुटलेला, वेचणीला बाया उतरलेल्या. दृश्य सुंदर होतं, हे मला आता लिहिताना आठवतं. तेव्हा मी फक्त चिडलेली होते.

या वयात मी एवढ्या लांब कशाला गेले, ते सांगायला हवं. वैशाली ही माझी सांगलीतली विद्यार्थिनी. लग्न होऊन पाथरीला गेली आणि तिथल्या एका संस्थेच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला लागली, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असेल तोवर नोकरी. दिवाळीत तिचा फोन आला. नव्या सत्रासाठी मुलं आपापले विषय निवडणार होती, आणि अर्थशास्त्राला पुरेशी मुलं आली नाहीत तर संस्था विषयच बंद करणार होती. “विषय गेला की मी गेले, मॅडम,” ती म्हणाली. नवरा परगावी कामाला, घरी लहान मूल, सासूचे गुडघे दुखतात. परभणीला रोज जाऊन-येऊन नोकरी करणं तिला शक्य नव्हतं. बाहेरून कुणी येऊन बोललं तर मुलींना गोडी लागेल असं प्राचार्यांनी सुचवलं होतं. म्हणून मी.

भाषण मी नेहमीचंच काढलं. पाठ्यपुस्तकात त्याला जुळ्या तुटी म्हणतात. भाषणाचे दोन भाग आहेत. या दोन तुटी हातात हात घालून का वाढतात, हा पहिला. त्या पुष्कळदा तशा का वाढत नाहीत, हा दुसरा. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण पहिला एकटा ऐकला तर माणूस गैरसमज घेऊन घरी जातो. हे मी वर्गात शेकडो वेळा बजावलेलं आहे.

पाथरी

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीच्या सासूबाईंनी नाश्त्याला सुशीला केली. सुशीला म्हणजे चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन केलेला पदार्थ. सांगलीच्या माणसासमोर भिजवलेले चुरमुरे ठेवणं हा एक प्रकारचा हल्लाच आहे. आम्ही चुरमुरा कुरकुरीत राहावा म्हणून जिवाचं रान करतो आणि ही माणसं तो पाण्यात बुडवतात. दोन घास नाइलाजानं खाल्ले आणि मग ताट पुन्हा पुढं केलं. चांगली लागते. पण हे कबूल करायला मला अजून जड जातं.

“लाजायलाव काय, घ्या की,” सासूबाई म्हणाल्या आणि माझं काही न ऐकता तिसऱ्यांदा वाढलं.

वैशालीची भाषा पार बदललीय. फोनवर माझ्याशी सांगलीचं बोलते, पण दारात कुणी आलं की “काय करायलाव, बसा की” सुरू. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी ‘लय’ आणि ‘न्हाई’ म्हणताना ऐकून माझ्या कपाळावर आठी पडायची. ती हसून कामाला लागायची.

कार्यक्रम अकराचा होता. कॉलेजच्या पटांगणात मांडव, समोर मुली, मागं थोडे मुलगे. त्यातल्या बहुतेक मुली आसपासच्या खेड्यांतून बसनं येणाऱ्या, आणि त्यांची बस दीडला सुटते, हे वैशालीनं मला आधीच सांगून ठेवलेलं. संस्थेचे अध्यक्ष बारा वाजून गेल्यावर आले. दादाराव त्यांचं नाव. मानवतला त्यांची जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. उंचेपुरे, पांढरेशुभ्र कपडे, चालताना सगळ्यांना नमस्कार.

मग सत्कार सुरू झाले. सत्कार आमच्याकडेही होतात, पण पाहुण्याचा होतो आणि संपतो. इथं पाहुण्याचा झाला, मग अध्यक्षांचा, मग व्यासपीठावरच्या प्रत्येकाचा. मग ज्यांच्या हस्ते सत्कार झाले त्यांचा सत्कार करायचा राहिला म्हणून तो झाला. शाल, नारळ, गुच्छ आणि काचेचं स्मृतिचिन्ह, प्रत्येकाला पूर्ण संच. भर दुपारी अंगावर लोकरीची शाल घेऊन मी घामाघूम बसले होते, आणि ती काढून ठेवावी तर अपमान. प्रास्ताविकात प्राचार्यांनी अभिमानानं सांगितलं की यंदा निधी नव्हता, तरीही अध्यक्षसाहेबांनी संस्थेच्या नावावर उसनवार करून कार्यक्रमात काही कमी पडू दिलं नाही. टाळ्या झाल्या. माझ्या हातात माइक आला तेव्हा मुली दप्तरं आवरायला लागल्या होत्या.

तळपायाची आग मस्तकात गेलेली असताना माणसानं माइक हातात घेऊ नये. मी घेतला. ठरवलेलं उदाहरण सोडून दिलं आणि टेबलाकडं बोट केलं.

“प्राचार्य आत्ताच म्हणाले, निधी नव्हता, उसने घेऊन खर्च केला. ही पहिली तूट, कचेरीतली. आता टेबलावर बघा. ही शाल पाथरीत विणली का? नारळ पाथरीत लागतो का? हे काचेचं काय आहे ते, ते इथं होतं का? सगळं बाहेरून आलं. आणि त्याच्या बदल्यात पाथरीतून बाहेर काय गेलं? काही नाही. ही दुसरी तूट, रस्त्यावरची. सरकार कमाईपेक्षा जास्त खर्च करतं आणि देशात तेवढा माल होत नाही, लोकांची तेवढी बचत नसते, तेव्हा असंच घडतं. माल बाहेरून येतो, निर्यातीपेक्षा आयात वाढते, आणि तो फरक भरायला पैसेही बाहेरूनच उसने येतात.”

मुली आधी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग खळखळून हसल्या. टाळ्या वाजल्या. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. आता दुसऱ्या भागाकडं वळणार तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला आणि निम्म्याहून जास्त मुली उठल्या. आभारप्रदर्शन उरकलं गेलं. चहा आला तेव्हा दादारावांची खुर्ची रिकामी होती.

“काय बोलून बसलाव मॅडम,” प्राचार्य माझ्या कानाशी येऊन म्हणाले आणि त्यांनीही चहा घेतला नाही.

संध्याकाळी प्राचार्यांचा वैशालीला फोन आला. मुलींची नावं कितीही येवोत, अर्थशास्त्र बंद. अध्यक्षांचं म्हणणं, असला विषय पोरींना संस्थेवर हसायला शिकवतो. वैशालीनं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि भाकरी थापायला बसली. मला तिचाही राग आला. रडावं, माझ्यावर ओरडावं, काहीतरी करावं.

“मी खोटं बोलले का?” मीच विचारलं.

“खोटं न्हाई बोललात मॅडम. अर्धं बोललात.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “पोरींसाठी बसायची शेड बांधली ना मागच्या साली, ती पण उसने घेऊनच बांधली साहेबांनी. आधी पोरी बसची वाट बघत उन्हात उभ्या राहायच्या. तुमचा दुसरा भाग त्या शेडमधी होता.”

तिनं मला ताट वाढलं. अंबाडीची भाजी होती, वर कच्चं तेल आणि लसूण.

मानवत

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच एसटीनं मानवतला गेले. वैशाली नको म्हणत होती. रस्त्याला कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले. एसटी त्या रांगेमागं रांगत होती. काय बोलायचं त्याची मी मनात उजळणी करत होते आणि दर वेळी शेवटी मीच दादारावांना झापत होते.

जिनिंगच्या आवारात मला बघून ते उठून उभे राहिले आणि माझं एक वाक्य पुरं होऊ न देता घरात घेऊन गेले. पाट, ताट, गरम धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी.

“मी जेवायला आलेली नाही. मला बोलायचं आहे.”

“आधी जेवा. भांडण कुठं पळून जायलंय?”

पाहुण्याच्या पोटात अन्न गेल्याशिवाय कामाची गोष्ट काढायची नाही, हा तिथला रिवाज आहे. ज्यानं तिथं भांडायला जायचं ठरवलंय त्याची यात फार पंचाईत होते. चार धपाटे पोटात गेल्यावर आवाज चढत नाही. मला वाटतं त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

हात धुतल्यावर तेच म्हणाले, “माझ्या शाली दिसल्या तुमाला. पोरींची शेड न्हाई दिसली? विटा इथल्याच भट्टीच्या. मिस्त्री पाथरीचे, मजूर पाथरीचे, दारं मानवतला केलेली. उसनेच पैसे होते ते पण. त्यात बाहेरून काय आलं सांगा.”

“सिमेंट.”

“सिमेंट सोडा.”

“लोखंड. पत्रे.”

“ते बी सोडा,” दादाराव वैतागून म्हणाले. “बाकीचं इथलंच होतं का न्हाई?”

“होतं. तेच माझं म्हणणं आहे. उसने घेऊन केलेला खर्च इथल्याच माणसांच्या हाताला काम देत असेल, इथलाच माल उचलत असेल, तर बाहेरची तूट तेवढी वाढत नाही. हा माझ्या भाषणाचा दुसरा भाग होता.”

“मंग बोलला का न्हाईत?”

“तुमचे सत्कार संपत नव्हते.”

त्यांनी विषय बदलून भलताच प्रश्न काढला. बाहेर देशातून रुई येते, इथल्या गाठी तशाच पडून राहतात, ही पण सरकारच्या उधळपट्टीचीच करणी ना? त्यांना माझ्याकडून हो हवं होतं. हो म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं. पण इथं मला आणखी एक गोष्ट चीड आणते. एक तूट कळली की माणसं सगळं दुखणं तिच्याच माथी मारतात.

“नाही,” मी म्हटलं. “सरकारनं उद्या एक पैसा उसना न घेता कारभार केला, तरी सूतगिरणीला बाहेरची रुई स्वस्त पडली तर ती तीच घेणार. तो प्रश्न भावाचा आहे, आयातीवरच्या कराचा आहे.”

“म्हंजे सरकार सुटलं.”

“सुटलं नाही. तुमचा प्रश्न वेगळा आहे, एवढंच.”

दादारावांना हे मुळीच आवडलं नाही. त्यांनी अडकित्त्यानं सुपारी कातरली, तोंडात टाकली, बराच वेळ चघळली. मग म्हणाले, “हे समदं पोरींला सांगणार कोण? तुमी तर चाललाव.”

“वैशाली.”

“त्या बाई तर कधी तोंडच उघडीत न्हाईत.”

“तुम्ही त्यांच्या वर्गात कधी बसलाय?”

बसले नव्हते. स्वतःच्या कॉलेजातल्या एकाही वर्गात ते कधी बसले नव्हते. उद्घाटनाला गेले होते, तेवढंच. ते उठले आणि गाडी काढायला सांगितली. “चला. एक तास बघतो. पटलं तर ठीक, न्हाई तर विषय बंद. आन् तुमी मधी एक शब्द बोलायचा न्हाई.”

वर्ग

वैशालीला तयारीला वेळ मिळाला नाही. आम्ही पोचलो तेव्हा तिचा तास सुरूच होत होता. दादाराव शेवटच्या बाकावर कसेबसे मावले, त्यांच्या शेजारी प्राचार्य, आणि पलीकडं मी, तोंडाला कुलूप लावून. वैशालीनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मला काही खूण करायचीही सोय नव्हती.

“काल मॅडमचं भाषण अर्धं राहिलं,” ती मुलींना म्हणाली. “राहिलेलं आज करू.”

तिनं देशाचं घर केलं. एका घरात दोघं भाऊ. थोरला म्हंजे सरकार, धाकटा म्हंजे आपण सगळे, दुकानदार, शेतकरी, कारखानदार. शेजारपाजारची घरं म्हंजे बाहेरचे देश. “थोरला कमाईपेक्षा जादा खर्च करायलाय. पण धाकट्यानं तेवढीच बचत केली, तर घराला शेजाऱ्याकडं हात पसरावा लागंल का?” नाही, मुली म्हणाल्या. “आन् दोघंबी खर्चायला लागले तर?” लागेल. “बरं, थोरला लय काटकसरी हाय. पण धाकट्याला नवा ट्रॅक्टर पायजे, मोबाइल पायजे, सोनं पायजे. मंग?”

एक मुलगी म्हणाली, “मंग बी शेजाऱ्याकडूनच येणार.”

“म्हंजे सरकारची तूट न्हाई, तरी व्यापाराची तूट हाय. जुळी असली म्हणून कायम संगं हिंडतीलच असं न्हाई.”

मी पाठ्यपुस्तकाची दीड पानं खर्चून जे सांगायचे ते हिनं भाकरी थापता थापता सांगावं तसं सांगितलं. तरीही माझी जीभ वळवळत होती. चलनाच्या किमतीचं तिनं सोडलं, व्याजदराचं सोडलं. मी बाकाची कड घट्ट धरून बसले.

मग तिनं फळ्यावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला ‘इथलं’, दुसऱ्या बाजूला ‘बाहेरून’. ‘इथलं’च्या खाली शेडच्या विटा, मिस्त्री, मजूर. ‘बाहेरून’च्या खाली सिमेंट, पत्रे. आणि त्याच्याखाली शाली, नारळ, स्मृतिचिन्हं. सगळ्या मुलींच्या माना एकदम मागं वळल्या.

मघाचीच मुलगी म्हणाली, “मॅडम, मंग उसने घेऊन खर्च करणं वाईटच का?”

आता ही सावरून घेईल असं मला वाटलं. सावरून घ्यावं असंच मला वाटत होतं. घर तिचं, मूल तिचं, नोकरी तिची.

“वाईटच असं न्हाई,” वैशाली म्हणाली. “खर्च कशावर केला, माल कुठला घेतला, आन् त्यातून म्होरं काई पिकणार का, हे बघायचं. शेडमधी बसून तुमी अभ्यास करायलाव, उन्हाचं घरी पळायलाव न्हाई. ते पीकच हाय. शालींनी काय पिकलं ते मला सांगता येणार न्हाई.”

प्राचार्यांनी डोळे मिटले. दादाराव बाकातून स्वतःला सोडवत उठले आणि फळ्यापाशी गेले.

“म्होरल्या सत्रात हेच शिकवणार तुमी?”

“विषय राहिला तर.”

“माझ्या संस्थेचं नाव घेऊन?”

“पोरींनी डोळ्यानं बघितलेलं दुसरं उदाहरण न्हाई साहेब.”

दादारावांनी तिच्या हातातला खडू घेतला. ते ‘शाली’ हा शब्द पुसणार, असंच मला वाटलं. फळा त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला.

“शिकवायचंच हाय तर बराबर शिकवा,” ते म्हणाले. “मांडव राहिला. परभणीहून आणलाय.” आणि ‘बाहेरून’च्या खाली, कधी फळ्यावर न लिहिलेल्या माणसाच्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात, त्यांनी ‘मांडव’ लिहिलं. जरा थांबले. त्याच्याखाली लिहिलं, ‘स्पीकर’.

मग मागं न बघताच प्राचार्यांना म्हणाले, “हा विषय बंद करायचा न्हाई. आन् ह्याच शिकवतील.” खडू त्यांनी वैशालीच्या हातात दिला आणि शेवटच्या बाकावर परत येऊन बसले.

“हं मॅडम,” ते म्हणाले, “चालू द्या.” मी सवयीनं उठायला लागले. ते वैशालीशी बोलत होते.